वाघाच्या जंगलातली नदी : बालाघाटच्या मुक्कीत एक दिवस

'बालाघाट' हे नाव ऐकताच बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर मराठवाड्यातील डोंगररांग उभी राहते. त्याच नावाचा एक जिल्हा मध्य प्रदेशच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून वसलेला आहे. घाटाच्या वरचा मुलूख, असा त्या नावाचा सरळ अर्थ. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली राहिलेला आणि पुढे ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात गेलेला हा प्रदेश १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशाच्या वाट्याला आला. वैनगंगेकाठच्या दक्षिणेकडील गावांत आजही मराठी कानी पडते. भाताची खाचरे, तळी आणि खाचरांच्या कडेला उभे जंगल पाहून गोमंतकीय प्रवाशालाही हा मुलूख अगदीच परका वाटत नाही.

या जिल्ह्याच्या भूगोलात एक विशेष गोष्ट आहे. मैकलच्या डोंगरांनी येथे पावसाच्या पाण्याची वाटणी केली आहे. उत्तरेकडील बैहरच्या पठारावर पडणारे पाणी बंजर आणि हालोन या नद्यांच्या वाटेने नर्मदेला जाते आणि नर्मदेबरोबर अरबी समुद्रात पोहोचते. दक्षिणेकडील उतारांवरचे पाणी वैनगंगेत उतरते, पुढे प्राणहिता आणि गोदावरी असे नाव बदलत बंगालच्या उपसागराला मिळते. अशी वाटणी गोव्याच्या परिचयाची आहे. खानापूर तालुक्यातील सह्याद्रीच्या माथ्यावरून म्हादई पश्चिमेला गोव्याकडे येते आणि त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. हे दोन उतार किती जवळ आहेत, यावरच म्हादईचा सारा तंटा उभा आहे.

बालाघाटच्या उत्तर उतारावर देशातील नामांकित व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, कान्हा, पसरलेला आहे. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत तो विभागला गेला असून त्याचे मुक्की हे प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात, बंजर नदीच्या सान्निध्यात आहे. येथे येणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक वाघासाठी येतो. वाघ दिसला तर दिवस सार्थकी लागला आणि न दिसला तर पैसे वाया गेले, असा सरळ हिशोब तो करतो. या हिशोबातून एक मोठी गोष्ट निसटते. हे जंगल राखल्यामुळे दोन नद्या राखल्या गेल्या आहेत, आणि ती राखण कशी होते हे मुक्कीत एका दिवसात डोळ्यांनी पाहता येते.

नद्यांच्या नावाने सुरुवात

कान्हाच्या इतिहासाची सुरुवातच नद्यांच्या नावाने झाली. १९३०च्या दशकात या भागात दोन अभयारण्ये राखली गेली. त्यांपैकी एक हालोन खोऱ्यात होते, दुसरे बंजर खोऱ्यात. हालोनचे संरक्षण पुढे काढून घेण्यात आले, बंजरचे मात्र टिकले. १ जून १९५५ रोजी कान्हा राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले आणि १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत त्याचा समावेश झाला. कालांतराने हालोनचे खोरेही पुन्हा उद्यानात आले. आज उद्यानाच्या गाभ्याचे क्षेत्र ९४० चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवती त्याहूनही मोठा बफर पट्टा आहे. शंभराहून अधिक वाघ या परिसरात वावरतात.

नद्यांवर बेतलेली प्राणिउद्याने जगात इतरत्रही आहेत. सिंगापूरमध्ये २०१३ साली खुल्या झालेल्या अशा एका उद्यानात अॅमेझॉन, मेकाँग, यांगत्से अशा मोठ्या नद्यांचे जग काचेच्या टाक्यांत आणि आखीव दालनांत उभे केले आहे. तेथे प्रवाशाला नदीतील प्राणी हमखास दिसतात, कारण पाणी नळाने येते आणि खाद्य वेळेवर मिळते. मुक्कीत कशाचीच हमी नाही. नदी तिच्या ऋतूप्रमाणे वाहते, आटते, पात्र बदलते, आणि प्राणी तिच्या मागोमाग जागा बदलतात.

कसे जावे, केव्हा जावे

गोव्याहून जाणाऱ्यांना नागपूर गाठणे सोयीचे. तेथून गोंदिया, बालाघाट, बैहर असा रस्ता मुक्कीला पोहोचवतो. नागपूरहून मोटारीने पाच ते सहा तास धरावेत. बालाघाट शहर गोंदियाशी लोहमार्गानेही जोडलेले आहे, पुढचा घाटरस्ता मात्र मोटारीनेच पार करावा लागतो.

पावसाळ्यात उद्यानाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो आणि ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा उघडतो. बुधवारी दुपारची फेरी नसते. प्रवेशाची नोंदणी मध्य प्रदेश वनविभागाच्या संकेतस्थळावर आगाऊ करावी लागते. हिवाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर पुष्कळ आधी. उघड्या जिप्सीतून प्रवास, सोबत स्थानिक वाटाड्या आणि ठरलेले मार्ग, अशी पद्धत आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान शून्याजवळ उतरते. कुरणांवर दव गोठून पांढरी साय धरते. गोव्याच्या हवेला सरावलेल्या माणसाने कानटोपी, हातमोजे आणि जाड घोंगडी यांची लाज बाळगू नये. वाघ पाहायचा असेल तर एप्रिल-मे उत्तम, आणि नदी पाहायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन्ही समजून घ्यायचे असेल तर उन्हाळ्याचे कष्ट सोसावे, कारण पाण्याची खरी किंमत तेव्हाच कळते.

पहाट : सालाचे जंगल आणि मुरणारे पाणी

दार उघडते तेव्हा उजाडलेले असते, पण प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचलेला नसतो. दोन्ही बाजूंना सालाचे उंच, सरळसोट वृक्ष. मध्य भारतातील जंगलांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात, सागाचे आणि सालाचे. शेजारचे पेंच हे सागाचे जंगल. उन्हाळ्यात ते पानगळीने उघडे पडते. कान्हा दोन्हींच्या सीमेवर आहे, पण त्याच्या दऱ्याखोऱ्यांत सालाचे राज्य आहे. साल जवळजवळ कधीच पूर्ण निष्पर्ण होत नाही. जुनी पाने गळत असतानाच फाल्गुन-चैत्रात पोपटी पालवी फुटते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही जमिनीवर सावली राहते आणि त्या सावलीखाली पाचोळ्याचा जाड थर साठतो.

या पाचोळ्यात नदीची सुरुवात होते. कान्हा परिसरात वर्षाला साधारण १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे गोव्याच्या पावसाच्या निम्म्याच्या आसपास, आणि तोही बहुतांश चार महिन्यांत. उघड्या उतारावर हा पाऊस पडला तर माती घेऊन धावत सुटतो. नाल्याला दोन दिवस पूर येतो आणि आठवडाभरात तो कोरडा पडतो. सालाच्या जंगलात थेंब आधी पानावर आपटतो, मग पाचोळ्यावर. त्याचा जोर मोडतो. पाचोळा स्पंजासारखा भिजतो, मुळांनी आणि वाळवीने केलेल्या भोकांतून पाणी जमिनीत उतरते आणि खालच्या ओलाव्यातून हळूहळू, महिनोन्महिने, झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडत राहते. जंगल पाऊस वाढवते की नाही याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद असू शकतात, पण आलेला पाऊस ते जमिनीत थांबवते आणि माती धरून ठेवते, याविषयी फारसा वाद नाही. फेब्रुवारीत बंजरच्या पात्रात वाहणारे स्वच्छ पाणी हे गेल्या ऑगस्टमध्ये मुरलेले पाणी असते.

डोंगरमाथ्यावर गेल्यास या साठवणीचा आणखी एक भाग दिसतो. मैकलचे अनेक डोंगर माथ्यावर सपाट आहेत. स्थानिक बोलीत त्यांना 'दादर' म्हणतात. बाम्हनी दादर हे त्यांपैकी प्रसिद्ध ठिकाण. वर जांभ्याचा आणि बॉक्साइटचा थर, त्यावर खुरटे गवत, झाडे तुरळक. गोमंतकीयाला हे वर्णन ऐकताच आपले सडे आठवतील. सड्यांवर पावसाळ्यात रानफुले येतात, तळी भरतात आणि सच्छिद्र दगडातून झिरपलेले पाणी पायथ्याच्या झरींना आणि विहिरींना पुरते. कान्हाचे दादरही याच रीतीने खालच्या नाल्यांना पाणी देतात. सडा उजाड दिसतो म्हणून तो निरुपयोगी ठरवावा, ही चूक गोव्यात सर्रास होते. येथे दादरांना उद्यानाचे संरक्षण असल्याने ती टळली आहे.

कुरणे आणि बारशिंगा

सालाच्या अंधारातून गाडी अचानक मोकळ्यावर येते आणि समोर कुरण पसरलेले दिसते. दरीच्या तळाशी चिकण काळसर माती साठते, तिला येथे 'कन्हार' म्हणतात. कान्हा हे नाव याच शब्दावरून आले असे काहीजण मानतात, तर काहीजण ते कण्व ऋषींशी जोडतात. या प्रदेशात पुराणकथा जागोजागी भेटतात. कान्हाच्या कुरणातील श्रवण ताल या तळ्यावर कावडीतील आई-वडिलांसाठी पाणी भरायला आलेल्या श्रवणकुमाराला दशरथाचा बाण लागला, अशी लोककथा आहे. मूळ कथेतही तो आवाज पाण्याचाच होता. घागर भरण्याच्या बुडबुड्याला राजा श्वापदाचा आवाज समजला.

ही कन्हार माती पावसात पाणी धरून ठेवते, गवत उंच वाढते, आणि त्या गवतावर एका प्राण्याचे सारे जीवन अवलंबून असते, तो म्हणजे बारशिंगा. मध्य प्रदेशचा राज्यप्राणी असलेल्या बारशिंग्याची ही उपजात 'कठीण भूमीवरची' म्हणून ओळखली जाते. तराईतील तिचे भाऊबंद दलदलीत राहतात, त्यांचे खूर पसरट असतात. मध्य भारतातील बारशिंगा टणक जमिनीला सरावला, पण पाण्याची ओढ त्याने सोडली नाही. तो सांबरासारखा झाडपाला खात नाही. त्याचा आहार जवळजवळ सर्वस्वी गवताचा, त्यात पाणवनस्पतींची भर. पाडसे दडवायलाही त्याला उंच गवतच लागते. गवत गेले की बारशिंगा गेला, इतके हे नाते थेट आहे.

ते गवत एकेकाळी जवळजवळ गेलेच होते. शिकार, गुरांची चराई, कुरणांची झालेली शेती आणि वणवे यांच्या माऱ्यात १९७०च्या सुमारास कान्हातील बारशिंग्यांची संख्या ६६पर्यंत खाली आली. या उपजातीचा रानातील शेवटचा कळप येथेच उरला होता. त्यानंतर कुरणे मोकळी करण्यात आली, आग आवरली गेली, शिकारी प्राण्यांना शिरता येणार नाही असे कुंपण घालून आत पैदाशीसाठी कळप ठेवण्यात आला आणि पाण्यासाठी तळी बांधण्यात आली. आज ही संख्या हजाराच्या घरात गेली आहे. एकाच जागी सारा वंश ठेवण्याचा धोका ओळखून २०१५पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात हलवण्यात आले आणि पुढे बांधवगडातही. २०१७मध्ये कान्हाने 'भूरसिंग' नावाचा बारशिंगा आपले बोधचिन्ह म्हणून जाहीर केला. वाघाच्या उद्यानाने हरणाला मान देण्याचा हा प्रकार औचित्यपूर्ण आहे. थंडीच्या पहाटे मुक्की क्षेत्रातील सौंफच्या कुरणावर धुक्यातून नराची दीर्घ हाक ऐकू येते, तेव्हा वाघ न दिसल्याची हळहळ बरीच ओसरते.

दुपार : आटत्या पात्राचे गणित

एप्रिल-मेमध्ये चित्र पालटते. नाले तुटक होतात, बंजरचा प्रवाह बारीक होऊन पात्रात जागोजागी डोह उरतात. जंगलभर विखुरलेले प्राणी या थोड्या जागांभोवती गोळा होतात. चितळांचे कळप येतात, सांबर पाण्यात उतरून उभे राहतात, रानकुत्र्यांची टोळी दुपारच्या उन्हात डोहात लोळते. वाघही पाण्यात मागच्या पायांनी उतरून मानेपर्यंत बसलेला आढळतो. एरवी डोंगरउतारावरील बांबूत राहणारे गवे पाण्यासाठी खाली उतरतात. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तो आपल्याकडेही उन्हाळ्यात कुळागरांत आणि वस्तीजवळ का येतो, याचे उत्तर येथे आपोआप मिळते. वर पाणी उरले नाही की जनावर खाली येते. खाली जंगलच असेल तर कोणाचे नुकसान होत नाही, पण खाली माणसाची बाग असेल तर तंटा उभा राहतो.

पाण्यावर आलेल्या झाडावर तपकिरी मत्स्यघुबड दिवसाही बसलेले दिसू शकते. खंड्या, बगळे आणि बलाक जातीचे पक्षी तर नेहमीचेच. नशीब फारच बलवत्तर असेल तर पाणमांजर. चोडणच्या खाजनांत आणि मांडवीच्या खाड्यांत पाणमांजरे पाहिलेल्या गोमंतकीयाला त्याचे अप्रूप वाटणार नाही, पण मध्य भारतात या प्राण्याची एक नोंद फार मोलाची ठरली. काही वर्षांपूर्वी सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि बालाघाटच्या जंगलातील कान्हा-पेंच पट्ट्यात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत युरेशियन पाणमांजराची छायाचित्रे मिळाली. हिमालयाच्या आणि दक्षिणेतील डोंगरांच्या मधल्या एवढ्या मोठ्या मुलखात ते टिकून आहे, याचा हा छायाचित्रांकित पुरावा होता. पाणमांजराला मासे लागतात, माशांना स्वच्छ वाहते पाणी लागते. ज्या ओढ्यात ते टिकले तो ओढा निरोगी, असा त्याचा अर्थ.

नदीखालच्या माणसांपर्यंत या निरोगीपणाचा लाभ पोहोचतो. बंजर मंडल्याजवळ नर्मदेला मिळते. हालोनचे पाणी बुढनेरमार्गे त्याच नदीत येते. तेथून खाली बरगी धरण आहे आणि जबलपूरसारखे शहर नर्मदेचे पाणी पिते. जंगलाने धरलेली माती धरणात गाळ होऊन बसत नाही, हा त्यातील न दिसणारा फायदा. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणासाठी केलेला एक अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. सहा व्याघ्र प्रकल्पांचा त्यात विचार केला होता. पाणी, मृदसंधारण, कर्बसाठा, चारा, जनुकसंपदा अशा सर्व लाभांचे मोल मांडले असता एकट्या कान्हाचा वाटा वर्षाला सुमारे १,६५० कोटी रुपये निघाला. अशा आकड्यांत अनेक अंदाज असतात, हे खरे. तरीही पर्यटकांच्या तिकिटांतून येणारा पैसा या मोलाच्या तुलनेत किरकोळ आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

किंमत कोणी मोजली

हे सारे सांगताना एक बाजू लपवणे अप्रामाणिक ठरेल. सौंफचे कुरण हे कुरण होण्यापूर्वी गाव होते. कान्हाच्या इतर अनेक कुरणांचीही तीच कथा. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून उद्यानाच्या गाभ्यातील बैगा आणि गोंड वस्त्या टप्प्याटप्प्याने बाहेर हलवण्यात आल्या. जेथे आज बारशिंगा चरतो, तेथे चुली होत्या, देवस्थाने होती, मोहाची झाडे कोणाकोणाच्या वाट्याची म्हणून ओळखली जात होती. काही विस्थापितांना जमीन मिळाली, काहींना पैसे. रोख रक्कम लवकर संपली आणि जंगलाबाहेरच्या जगण्याचे कसब मात्र लवकर आले नाही, ही तक्रार या परिसरात अनेक दशके ऐकू येते.

बैगा हा शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेला आदिवासी समूह आहे. त्यांची पारंपरिक शेती 'बेवर' म्हणून ओळखली जाते. झाडोरा तोडून जाळायचा, राखेत बी टाकायचे आणि काही वर्षांनी जागा सोडून द्यायची, अशी ती पद्धत. नांगर चालवणे म्हणजे धरणीमातेच्या छातीवर जखम करणे, अशी त्यांची श्रद्धा. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द बैगा' या ग्रंथात तिची सविस्तर नोंद आहे. ब्रिटिश वनखात्याने बेवरीवर बंदी घातली आणि १८९०मध्ये बैगांसाठी 'बैगा चक' नावाचा एक मर्यादित प्रदेश आखून दिला. ज्या लोकांनी जंगलाला नांगर लावला नाही, त्यांनाच पुढे जंगल राखण्यासाठी बाहेर जावे लागले, ही या कथेतील बोचणारी गोष्ट आहे. आज मुक्कीच्या दारावर भेटणारे अनेक वाटाडे, चौकीदार आणि आग विझवणारे मजूर याच समाजांतून येतात. उन्हाळ्यात जाळरेषा साफ करणे, पावसाळ्यात पायी गस्त घालणे ही कामे तेच करतात. जंगलाची ओळख अजूनही त्यांच्याकडेच सर्वाधिक आहे.

कायदा आता पूर्वीसारखा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार आणि त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यानुसार व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून कोणालाही हलवायचे असेल, तर आधी त्यांचे हक्क निश्चित झाले पाहिजेत, ग्रामसभेची आणि संबंधितांची माहितीपूर्वक संमती असली पाहिजे आणि स्थलांतर स्वेच्छेने झाले पाहिजे. बफर क्षेत्रात तर माणसाचे आणि वन्यजीवांचे सहजीवन हेच उद्दिष्ट सांगितले आहे. कागदावरील संमती आणि खरी संमती यांत अंतर पडू शकते. कान्हा परिसरातील स्थलांतरांवर अलीकडच्या काळातही आक्षेप घेतले गेले आहेत. मात्र १९७०च्या पद्धतीने गावे उठवणे आज कायद्यात बसत नाही.

सांज : वैनगंगेकडे

परतीच्या वाटेवर बैहरचा घाट उतरला की पाण्याची दिशा बदलते. आता सारे ओढे दक्षिणेकडे, वैनगंगेकडे. शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावलेली ही नदी मोठा वळसा घालून बालाघाट शहराजवळून वाहते आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे निघते. रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४च्या 'जंगल बुक'मध्ये मोगली ज्या नदीकाठी वाढतो ती हीच. विदर्भाच्या भातशेतीचा मोठा भाग तिच्या खोऱ्यात आहे. तिच्या काठच्या खाचरांत आणि तळ्यांत सारस क्रौंचांच्या जोड्या आढळतात. महाराष्ट्रातील उरलेले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आहेत आणि नदीपलीकडच्या बालाघाटशी त्यांचे रोजचे येणे-जाणे आहे. पक्षिमित्र आणि शेतकरी मिळून दर उन्हाळ्यात दोन्ही जिल्ह्यांत त्यांची गणना करतात. सारस शेतातच घरटे करतो, म्हणून शेतकऱ्याने राखले तरच तो टिकतो.

उद्यानाच्या सीमेबाहेरही जंगलाची ही साखळी तुटत नाही. कान्हा आणि पेंच यांना जोडणारा हिरवा पट्टा बालाघाट आणि शिवनी जिल्ह्यांच्या वनविभागांतून जातो. वाघ या वाटेने एका उद्यानातून दुसऱ्यात जातात. त्यामुळे त्यांचा वंश एकाच रक्तात अडकत नाही. पेंचजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर न्यायालयीन लढ्यानंतर वन्यप्राण्यांसाठी उंच पुलांखालून मार्ग ठेवण्यात आले आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. रस्ता आणि जंगल यांत तडजोड होऊ शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

म्हादईच्या काठी याचा अर्थ

बालाघाटचा हा दिवस गोव्यासाठी केवळ पर्यटनाचा विषय राहत नाही. २०८ चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य १९९९मध्ये घोषित झाले. जानेवारी २०२०मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एकाच कुटुंबातील चार वाघ विषबाधेने मेलेले आढळले. गोव्यात वाघ नाहीतच, येतात ते पाहुणे, हा युक्तिवाद त्यानंतर टिकणे कठीण झाले. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य आणि लगतचे क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. या वादात एका बाजूला वनांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या धनगर, गावकर आणि इतर कुटुंबांची भीती आहे. आपल्या काजूबागांचे, गुरांचे, घरांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या बाजूला नदीचा प्रश्न आहे.

या दोन प्रश्नांचा सांधा कायद्यात आहे, पण तो फारसा चर्चिला जात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यात येणारा किंवा तेथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे किंवा वाढवणे यांस मनाई आहे. वन्यजीवांच्या हितासाठी आवश्यक असेल तरच, आणि ठरलेल्या परवानगीनंतरच, तसे करता येते. जानेवारी २०२३मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या संदर्भात कर्नाटकाला नोटीस बजावली, ती याच कलमाच्या आधारे. म्हादई पाणी तंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात पाण्याचे वाटे ठरवले. त्या वाटपाच्या लढाईत गोव्याच्या हाती असलेले एक भक्कम साधन म्हणजे नदीच्या काठचे अभयारण्य होय. व्याघ्र प्रकल्प झाल्यास त्यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची देखरेख येते आणि त्याच्या परवानगीविना जमिनीचा वापर बदलणे अधिक कठीण होते.

बालाघाट गोव्याला दोन्ही गोष्टी शिकवतो. वाघासाठी राखलेले जंगल खालच्या गावांना आणि शहरांना पाणी पुरवते, हे तेथे दिसते. आणि ते राखताना माणसांना विचारले नाही, तर त्याची सल पन्नास वर्षांनीही जात नाही, हेही तेथेच दिसते. सत्तरीत क्रम उलटा लावता येणे शक्य आहे. आधी वनहक्कांचे दावे निकाली काढावेत, वस्त्या आणि बागायती असलेला भाग बफरमध्ये कसा राहील ते नकाशावर गावासमोर मांडावे, गुरे मारली गेल्यास भरपाई किती दिवसांत मिळेल ते लेखी सांगावे, आणि मगच गाभ्याची सीमा आखावी. गोळावलीत विष घालण्यापर्यंत गोष्टी गेल्या, त्यामागे गुरे गमावल्याचा राग होता, हे विसरून चालणार नाही.

पणजीत किंवा डिचोलीत नळ उघडणारा माणूस म्हादईच्या जंगलात क्वचितच जातो. जबलपूरचा माणूसही बंजरच्या डोहापाशी जात नसेल. पाणी मात्र दोघांकडे त्याच वाटेने येते, डोंगरमाथ्यावरच्या जांभ्यातून, पाचोळ्यातून आणि ओढ्यातून. मुक्कीला जाणाऱ्याने वाघाची वाट जरूर पाहावी. गाडी बंजरच्या काठी थांबली की वाटाड्याला एक प्रश्न मात्र आवर्जून विचारावा : हे पाणी मे महिन्यात कुठवर असते? त्याच्या उत्तरावरून वरचे जंगल कसे आहे, हे कळते.